रिस्पॉन्स म्हणजे होकार नव्हे

मुलीच्या बापाला आमच्या फॉर्मवर सही करू देण्याआधी मी तो फॉर्म त्याला मोठ्याने वाचायला लावते. "वाचलाय हो," असं कुणी म्हटलं, तर "मग पुन्हा वाचा," म्हणते. लग्नं जुळवण्याच्या कामात हे पथ्य माझ्या सासूबाईंनी घालून दिलं आणि मी ते इतकं कडक पाळते की वाडीतले लोक मला पाठीमागे हेडबाई म्हणतात. म्हणोत बापडे. तर अशा या हेडबाईंनी, कार्यालयाच्या कॉम्प्युटरची देखभाल बाहेरच्या कंपनीकडे सोपवताना बारा पानी इंग्रजी करार हातात आला, तेव्हा काय केलं? थेट शेवटचं पान उघडलं आणि सही ठोकून दिली.

आज हे हसत लिहितेय, कारण शेवटी हसण्यासारखंच झालं. पण मधल्या चार दिवसांत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमचं कार्यालय म्हणजे ठाकूरद्वारच्या एका वाडीतली तळमजल्यावरची खोली. खिडकीतून देवळाची मागची भिंत दिसते आणि आरतीच्या वेळी फोनवर कुणाशी बोलता येत नाही. सासरे ज्या गिरणीत होते ती बंद पडली, तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, या खोलीत लग्नं जुळवायला सुरुवात केली. मुलींची पिवळी कार्डं, मुलांची निळी, आणि ती ठेवायला लाकडी खण. लग्न जमलं की दोन्ही कार्डं बाहेर काढायची, देवासमोर ठेवायची आणि पेढे खायचे. आता आई ऐंशीच्या झाल्यात. लालबागला आमच्याबरोबर राहतात आणि आठवड्यातून तीनदा टॅक्सी करून कार्यालयात येतात, कारण माझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं.

कॉम्प्युटर मी आणला. आईंचा विरोध नव्हता, फक्त एक अट होती. नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगत आल्या होत्या: "तुमची गोष्ट या खोलीबाहेर जायची नाही आणि या खोलीत हरवायचीही नाही." हा शब्द मोडता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळी कार्डं कॉम्प्युटरात चढवल्यावर ती रद्दीत द्यायलाही त्यांनी साफ नकार दिला. "लोकांची वयं नि पगार भेळेच्या पुडीतून गावभर जातील गो," म्हणाल्या. आम्ही दोघींनी आठवडाभर बसून हातांनी एकेक कार्ड बारीक फाडलं.

मग कॉम्प्युटर सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून ती कंपनी आली. म्हणजे टाय लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी रिमोट मॉनिटरिंग, हेल्पडेस्क, एसएलए, एस्कलेशन असे शब्द माझ्यासमोर भराभर मांडले आणि दर थोड्या वेळाने "समजलं ना मॅडम?" असं विचारलं. मी दर वेळी "हो हो" म्हटलं. का म्हटलं? लाज वाटली म्हणून. आपण धंदा चालवतो, चार लोक आपल्याला मानतात, आणि हे टायवाले गृहस्थ घरी जाऊन बायकोला सांगतील की त्या बाईंना एसएलए म्हणजे काय तेही ठाऊक नाही. त्या बायकोला मी कधी भेटणारही नव्हते, पण तिच्यासमोर अब्रू जाऊ नये म्हणून मी मान डोलवत राहिले.

दोन वर्षं काही बिघडलं नाही. मग आला बुधवार, आणि त्यानंतरच्या रविवारी आमचा मेळावा होता.

हा मेळावा आईंचा लाडका. चाळिशी उलटलेल्यांसाठी आणि दुसऱ्यांदा संसार मांडू पाहणाऱ्यांसाठी आम्ही तो वर्षातून एकदा दादरला एका छोट्या हॉलमध्ये भरवतो. चाळीसेक माणसं येतात. त्यातली निम्मी घरी न सांगता येतात, कारण या वयात लग्न म्हटलं की मुलं तोंड फिरवतात आणि भावजया हसतात. म्हणून आम्ही त्यांना उगाच फोन करत नाही, ग्रुप काढत नाही, तारीख एकदाच सांगतो. मेळाव्यात मी स्टेजवरून प्रत्येकाची माहिती वाचते, ती व्यक्ती उभी राहून नमस्कार करते आणि बसते. नंतर कुणी कुणाशी बोलायचं त्याची यादी आई आधी करून ठेवतात. त्या वर्षी ती यादी करायला त्यांना तीन आठवडे लागले होते आणि ती, सगळ्यांच्या माहितीसकट, त्या कॉम्प्युटरात होती.

बुधवारी सकाळी बटण दाबलं तर आतून पाल चुकचुकावी तसा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. मी कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडे एक अतिशय गोड आवाजाचे सद्गृहस्थ होते. त्यांनी मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. केलं. वायर काढून लावायला सांगितली. लावली. मग विचारलं, "मॅडम, किती अर्जंट आहे? काम अडलंय का?"

इथे मी जे उत्तर दिलं त्यावर आमच्या घरात अजून हसतात. मी म्हटलं, "छे छे, तशी काही घाई नाही हो. तुमच्या सवडीनं बघा."

मला खरं तर ओरडायचं होतं. पण वीस वर्षं मी ज्या धंद्यात आहे त्यात घाई दाखवणं हा गुन्हा आहे. मुलीकडच्यांना मी पहिल्या बैठकीत हेच शिकवते, की मुलगा कितीही पसंत पडला तरी "आम्हाला काही घाई नाही" म्हणायचं, चहा संपवायचा आणि उठायचं. घाई दाखवली की समोरचा खुर्चीत मागे रेलतो. ही सवय हाडीमांशी इतकी भिनलीय की डॉक्टरने "फार दुखतंय का?" विचारलं तरी मी "तसं ठीक आहे" म्हणते.

फोन ठेवल्यावर चारच मिनिटांत माझ्या मोबाइलवर मेल आली. तुमची तक्रार मिळाली, तिचा टिकेट नंबर अमुक. मी हर्षभरित झाले. चार तासांत रिस्पॉन्स देऊ असं ते टायवाले बोलले होते आणि इथे चार मिनिटांत दिला! आईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा झाला. मग माणूस कधी येतलो?" त्याचं उत्तर मेलमध्ये नव्हतं.

गुरुवारी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मी पुन्हा फोन केला. गोड आवाजाने कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि सांगितलं, "मॅडम, तुमचं टिकेट पी-फोर आहे."

"म्हणजे काय?"

हा प्रश्न मी दोन वर्षं उशिरा विचारला, पण विचारला. पी-वन म्हणजे सगळं काम ठप्प, ताबडतोब धावायचं. पी-फोर म्हणजे किरकोळ. पाच दिवसांत बघायचं, तेही कामाचे दिवस, शनिवार-रविवार सोडून.

"अहो, रविवारी मेळावा आहे माझा! मला पी-फोर कुणी केलं?"

"तुम्हीच, मॅडम," ते गृहस्थ फारच नम्रपणे म्हणाले. "तुम्ही म्हणालात घाई नाही."

माझा पारा असा चढला की समोरच्या देवळातले पुजारी खिडकीशी येऊन बघून गेले. पण चढवून करणार काय? शब्द माझाच होता.

त्या संध्याकाळी लालबागला घरी गेले आणि कपाटाच्या तळातून ते बारा पानी बाड काढलं. आई पोळ्यांचं पीठ मळत होत्या. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि समोर येऊन बसल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी एकेक वाक्य मोडकंतोडकं मराठी करून वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं. त्या अर्ध्या वेळ "हां" म्हणतील आणि नंतर पेंगतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच.

एसएलए म्हणजे किती वेळात काय करून देणार त्याची हमी. त्याखाली मी वाचलं, की कंपनी चार तासांत रिस्पॉन्स देईल, पण रिझोल्यूशन, म्हणजे बिघाड प्रत्यक्ष दूर होणं, हे बेस्ट एफर्टवर, म्हणजे होईल तितका प्रयत्न करून.

"थांब," आई म्हणाल्या. "म्हणजे रिस्पॉन्स म्हणजे 'तुमची पत्रिका मिळाली'. आणि ता दुसरा म्हणजे अक्षता. हो ना?"

"हो."

"आणि बेस्ट एफर्ट म्हणजे 'बघतो, घरी विचारून कळवतो'."

मी करार मांडीवर ठेवला आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं मी मुलीच्या बापांना समजावतेय की पत्रिका मिळाल्याचं पत्र म्हणजे होकार नव्हे, हुरळून हॉल बुक करू नका. आणि मी स्वतः चार मिनिटांच्या मेलवर हुरळले होते!

मग आम्हाला चेवच चढला. एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीचा मदतनीस. तो आपल्या हातातल्या कागदावरचे ठरलेले प्रश्न विचारतो, त्याच्या हातात निर्णय काही नसतो. "मुलाची काकू," आई म्हणाल्या, "फोन उचलते, सगळी चौकशी करते, पण तिला घरात कोण विचारत नाय." एल-टू म्हणजे ज्याला खरंच काम येतं तो. "मुलाची आई." आउट ऑफ स्कोप, म्हणजे करारात नसलेलं काम, त्याचे वेगळे आकार. "'मानपान आमच्यात नसतो, पण तुमची हौस असेल तर' म्हणतात बघ, तोच प्रकार." पोळ्या राहूनच गेल्या. माझा नवरा आला, त्याने दोघींची खिदळणारी तोंडं बघितली आणि मुकाट्याने खाली जाऊन पाव आणले.

नवव्या पानावर एस्कलेशनचा तक्ता होता. काम वेळेत होत नसेल तर कुणाला फोन करायचा, त्यानंतर कुणाला, आणि सगळ्यात वर कुणाला, अशी तीन माणसांची यादी. दोन वर्षं ती माझ्या कपाटात पडून होती. हा शब्द ऐकल्यावर मला वाटायचं, ही कोर्टकचेरीची भाषा आहे, भांडणाची आहे, चांगल्या घरच्या बाईने तिथवर जाऊ नये.

"भांडण कसला त्यात?" आई म्हणाल्या. "बोलणी अडली की आपण मामाला मधे घालतो. मामा काय भांडायला येतो? मामाक फोन लाव."

शुक्रवारी सकाळी मी मामाला फोन लावला. तीन मामांतल्या सगळ्यात वरच्या मामाला. माझ्यापुरतं ते बोलणं कठीण होतं, म्हणून आधी कागदावर लिहून काढलं होतं. "बुधवारी मी घाई नाही म्हटलं, ते चूक होतं. मला घाई आहे. माझं काम पूर्ण बंद आहे आणि रविवारी चाळीस माणसं येणार आहेत. मला आज माणूस पाठवा." एवढं मी एका दमात वाचून टाकलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ठीक आहे मॅडम, पी-वन करतो." इतकंच होतं ते. कुणी खुर्चीत मागे रेललं नाही.

दहाव्या मिनिटाला एका बाईचा फोन. "ताई, मी एल-टू इंजिनियर. तुमचा पत्ता ठाकूरद्वारचा ना? मी भोईवाड्यात राहते. रिमोटनं, लांबून बसून, काही होणार नाही, मीच येते." मी थक्क. ही कंपनी कुठल्या दूरच्या शहरात बसते म्हणून मी तिच्या नावाने बोटं मोडत होते, आणि काम येणारी बाई आमच्या लालबागच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर!

ती तासाभरात आली. पस्तिशीची, पाठीला बॅग, हातात वडापावची पुडी, कारण नाश्ता राहिला होता. आई तोवर टॅक्सीने येऊन बसल्याच होत्या. त्यांनी तिला आधी खायला लावलं आणि सवयीने विचारलं, "लग्न झालंय का गो तुझं?"

"झालंय आजी. दोन मुलं आहेत."

"बरं, मग मशीन बघ," आई म्हणाल्या. त्यांचा रस तिथेच संपला.

तिने मशीन उघडलं, कान लावला आणि मान हलवली. आतली डिस्क गेली होती. मी मात्र निर्धास्त होते, कारण आदल्या रात्री सातव्या पानावर एक शब्द मला कुणी न सांगता समजला होता. बॅकअप. रोज सगळ्या माहितीची एक प्रत आपोआप दुसरीकडे ठेवली जाते. "ती प्रत द्या की काढून," मी म्हटलं.

तिने आपल्या लॅपटॉपवर बघितलं. पुन्हा बघितलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एकाखाली एक लाल ओळी होत्या.

"ताई, बॅकअप रोज रात्री अकराला लावलेला आहे. पण तो एकदाही झालेला नाही. दर आठवड्याला तशी मेल जात होती तुम्हाला."

जात होती. कंपनीकडून येणाऱ्या सगळ्या मेल जाहिराती समजून मी न उघडता एका कप्प्यात टाकत होते. "आमच्याकडूनही कुणीतरी फोन करायला हवा होता," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच पडला होता. "पण बॅकअप का झाला नाही तेच कळत नाही. तुम्ही संध्याकाळी मशीन बंद करता का?"

"मशीन?" आई एकदम ताठ बसल्या. "अगो, मशीन काय, मी मेनच बंद करायला लावते!"

आमची वाडी जुनी, जिने लाकडाचे, वायरिंग कुठल्या काळातलं ते देव जाणे. वाडीतला प्रत्येक दुकानदार दिवाबत्ती झाली की कुलूप घालण्याआधी मेन स्विच खाली ओढतो. आईंनी हा नियम आयुष्यभर पाळला आणि मी सून म्हणून तो पाळला. संध्याकाळी साडेसातनंतर आमच्या खोलीत विजेचा थेंबसुद्धा नसतो. रात्री अकराचा बॅकअप दोन वर्षं रोज येऊन बंद दार बघून परत जात होता.

  इंजिनियरबाईची आणि माझी नजरानजर झाली आणि चेहरे वाचण्यातच जिचं आयुष्य गेलं त्या बाईपासून ते लपेल कसं?

"म्हणजे मीच घालवला सगळा," आई म्हणाल्या.

"तसं नाही आजी," इंजिनियरबाई म्हणाली. "तुम्ही बंद करत होता ते बरोबरच. अकराऐवजी दुपारी लावायचा होता, आणि तो लावताना कुणीतरी तुम्हाला विचारायला हवं होतं की तुमचं दुकान कधी बंद होतं." तिने डिस्क बॅगेत घातली. माहिती बाहेर काढणारी एक प्रयोगशाळा असते, तिकडे पाठवते म्हणाली, पण तीन आठवडे तरी लागतील आणि खात्री नाही.  परतताना टॅक्सीत मला रडू येत होतं. माहिती गेली याचं तर वाईट वाटत होतंच, पण आईंचा शब्द मोडला होता आणि तो माझ्या मशीनने मोडला होता.

शनिवारी मी एक तोडगा काढला. येणाऱ्यांचे फोन नंबरही मशीनबरोबरच गेले होते, तेव्हा मेळावा रद्द झाल्याचं कळवताही येत नव्हतं. कार्डं हातात असताना आईंना सगळ्यांचं सगळं पाठ असायचं. कार्डं गेली तशी ती सवयही गेली होती. म्हणून मी एक पाटी रंगवली: 'तांत्रिक अडचणीमुळे आजचा मेळावा पुढे ढकलला आहे.' हॉलच्या दाराशी लावायची, संपलं.

आईंनी पाटी वाचली. "तांत्रिक अडचण म्हणजे काय?"

"म्हणजे... कॉम्प्युटर बिघडला."

"तो बिघडला. पण लोकांची माहिती आपल्याकडना हरवली, ती कशी? ता खंय लिवलंस?"

"आई, असं कुणी लिहितं का पाटीवर?"

"टायवाल्याचे शब्द कळले नाहीत म्हणून आपण फसलो ना? मग तसलेच शब्द आपण लोकांच्या तोंडावर कशाक मारूचे?" आणि त्यांनी पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. "उद्या मी बोलतंय. साध्या भाषेत."

मी त्यांच्याशी बरंच भांडले. लोक उठून जातील, नाव बुडेल, सगळं सांगून पाहिलं. त्या वाटाणे सोलत बसल्या.

रविवारी हॉल भरला. इस्त्रीचे शर्ट, ठेवणीतल्या साड्या, अत्तराचा वास, आणि एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेली चाळीस माणसं. इंजिनियरबाई सुट्टीचा दिवस असून आपणहून आली होती आणि मागच्या रांगेत बसली होती. आई माझा हात धरून स्टेजवर चढल्या. त्यांनी माईक बाजूला सारला.

"मी तुम्हाला शब्द दिला होता की तुमची माहिती हरवणार नाही. ती हरवली," त्या म्हणाल्या. "बाहेर कुणाला मिळालेली नाही, पण आमच्याकडेही नाही. मी रोज मेन बंद करायला लावत होते, म्हणून तिची प्रत निघाली नाही. चूक माझी आहे. आज आमच्या सुनेकडे वाचायला काही नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं, मी रागावणार नाही. वडे मात्र गरम आहेत, खाऊन जावं."

 एक गृहस्थ उठले, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा बसले. मी जमिनीकडे बघत होते.

मग तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. परळच्या, सेहेचाळीस वर्षांच्या, टपाल खात्यात नोकरी. तीन वर्षं आमच्याकडे नाव होतं. दर मेळाव्यात मी त्यांची माहिती वाचायचे, त्या उठून नमस्कार करायच्या आणि बसायच्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मी माझं सांगू का?" त्यांनी विचारलं.

"सांग की बाय," आई म्हणाल्या.

"मी नोकरी सोडणार नाही. मला स्वयंपाक बेताचा येतो आणि आता जास्त शिकायचा नाहीये. मला कॅरम येतो. चांगला येतो. रोज संध्याकाळी कुणीतरी समोर बसून खेळावं असं मला वाटतं." त्या थांबल्या, आणि मग घाईघाईने म्हणाल्या, "आणि मला हरायला आवडत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. चांगल्या मनाचा हशा, त्यात त्या स्वतःही हसत होत्या. मागून एक जाड आवाज आला, "आपली काय हरकत नाय. आपण तीस वर्षं हरतोय." रे रोडला लाकडाच्या वखारीत काम करणारे एक विधुर गृहस्थ होते ते. मुलीने जबरदस्तीने पाठवलं म्हणून आले होते आणि आल्यापासून दाराजवळची खुर्ची सोडत नव्हते. आता मात्र सगळ्यांनी माना वळवल्या, तेव्हा त्यांना उभं राहावंच लागलं, आणि उभे राहिले ते पाच मिनिटं बोलले.

त्यानंतर मला कुणाला उठवावं लागलं नाही. एक जण म्हणाले की मी घोरतो, हे आधीच सांगतो. एका बाईंनी सांगितलं की मला मूल नको, माझी आई माझ्याबरोबर राहील, आणि मला समुद्राकाठी चालायला सोबत हवी. जे आधी खुर्चीतून मान वर करत नव्हते ते "माझं राहिलं, माझं राहिलं" म्हणून हात वर करत होते. मी शंभर पानी वहीत भराभर उतरवून घेत होते आणि इंजिनियरबाई माझ्या शेजारी येऊन तेच आपल्या लॅपटॉपवर टाइप करत होती. वडे दोनदा मागवावे लागले. आईंच्या यादीची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही, आईंना तर नाहीच. त्या एका कोपऱ्यात बसून डोळे पुसत हसत होत्या. हॉलवाल्याने दिवे मालवायची धमकी दिली तेव्हा कुठे लोक खाली उतरले, आणि खाली उतरून फुटपाथवर बोलत उभे राहिले.

तीन आठवड्यांनी इंजिनियरबाईचा फोन आला. "ताई, पेढे काढा! डिस्कमधलं सगळं परत मिळालं. एकूण एक नोंद." मी आनंदाने उडीच मारली. ती संध्याकाळी येऊन नव्या मशीनवर सगळं भरू लागली आणि मधेच थांबली. "फक्त एक विचारायचंय. मेळाव्याच्या चाळीस जणांच्या आता दोन-दोन नोंदी होतायत. एक जुनी, एक त्या दिवशी मी टाइप केलेली. एकच ठेवता येईल. कुठली ठेवू? कंपनीच्या पद्धतीप्रमाणे मूळ नोंद ठेवतात."

मी म्हटलं, आधी दाखव. तिने परळच्या त्या बाईंची जुनी नोंद उघडली. फॉर्म त्यांच्या मोठ्या भावाने भरला होता. त्याला तो मी मोठ्याने वाचायला लावला होता, ते मला आठवत होतं. त्याने वाचला, सही केली, आणि त्या बाजूला बसल्या होत्या.

'स्वभाव: शांत. आवड: गृहकृत्य. नोकरी: सोडण्यास तयार. अपेक्षा: काही नाही.'

तीन वर्षं मी हेच स्टेजवरून वाचत होते, आणि त्या उठून नमस्कार करत होत्या.

"कुठली ठेवू, ताई?" तिने पुन्हा विचारलं.

"नवी," मी म्हटलं. "सगळ्यांची नवीच ठेव. आणि बाकीच्या नोंदींचे फोन नंबर मला काढून दे. एकेकाला बोलावून विचारायचंय."